मदत हवी आहे: म्युनिकमध्ये त्रिपर्णी संत्र्याची नवी पानं पिवळी पडताहेत

प्रश्न
झाड: पाँसिरस ट्रायफोलिएटा, वाकड्या फांद्यांचा 'फ्लाइंग ड्रॅगन'. इथल्या रोपवाटिकांत बिटरओरांज म्हणतात. उंची 70 सेंमी, 30 सेंमीची कुंडी, दिवसभर ऊन, पाणी नळाचं.

1. मे महिन्यापासून शेंड्याची पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार. खालची जुनी पानं ठीक आहेत. हिराकस (फेरस सल्फेट, लोहाचं खत) दोनदा घातला, फरक नाही.
2. फेब्रुवारीत छाटणी केली. एप्रिलमध्ये एकही फूल नाही.
3. थंडीत तापमान उणे 15 पर्यंत उतरतं. घरात घ्यावं की जमिनीत लावावं?

प्रतिसाद: पानगळ
ही लोहाची कमतरता. मॅग्नेशियम किंवा नत्र कमी असतं तर आधी जुनी पानं पिवळी झाली असती. लोह झाडात एका पानातून दुसऱ्यात सरकत नाही, म्हणून नवी पालवी उपाशी राहते.

कुंडीत लोह नसेलच असं नाही, ते चुन्याने अडकलंय. म्युनिकचं पाणी भरपूर चुन्याचं (किटलीचा तळ बघा), आणि या झाडाला चुना मुळीच सोसत नाही. मातीचा सामू (पीएच) 5.5 ते 6.5 हवा. त्यावर गेला की हिराकसातलं लोह काही दिवसांतच न विरघळणारं होऊन बसतं. ईडीटीए चिलेट (लोहाला धरून विरघळलेलं ठेवणारं खत) तेही 6.5 च्या पुढे फारसं टिकत नाही. त्याहून चिवट ईडीडीएचए प्रकारचं लोह-चिलेट घ्या: लिटरभर पाण्यात 1 ग्रॅम, ओल्या मातीत, संध्याकाळी. फरशीवर सांडू नका, तांबडे डाग जात नाहीत. पुढची पालवी हिरवी येते; जुनी पिवळी पानं पूर्ण सुधारतीलच असं नाही, त्यावरून औषध लागू पडलं की नाही ते ठरवू नका.

पण पाणी तेच राहिलं तर दुखणं परत येणार. पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवा. कमी पडलं तर नळाचं उकळून, थंड करून वरचं निवळ घाला. बराचसा चुना तळाशी बसतो.

कुंडीच्या तळाला खडी आहे का? तिच्यावर व्हिनेगर टाकून पाहा.

धागाकर्ता
टाकलं. चांगलंच फसफसलं!

प्रतिसाद: पानगळ
मग ती चुनखडीच. मातीचा गड्डा न फोडता कुंडीतून काढा आणि खडी आत्ताच फेकून द्या. पूर्ण माती बदलायची ती मार्चमध्ये, डोळे फुगण्याआधी: दोन भाग रोडोडेंड्रॉनची (आम्लधर्मी) माती, एक भाग प्युमिस (हलका सच्छिद्र ज्वालामुखी दगड). कुंडी 35 ते 40 सेंमीची पुरे.

तुमच्याकडे जमिनीत खड्डा करून अशी आम्लधर्मी माती भरण्यात अर्थ नाही. आजूबाजूचा चुना पाण्याबरोबर आत झिरपतो आणि काही वर्षांत परत हेच.

प्रतिसाद: काटेकोरांटी
फुलं तुम्हीच कापलीत. कळ्या गेल्या वर्षीच्या फांद्यांवर असतात, पानांच्या आधी उमलतात. छाटायचंच तर फुलं ओसरल्यावर लगेच, आणि चामडी हातमोजे घालून: या जातीचे काटे मागे वळलेले असतात, हात आत सहज जातो, बाहेर येताना सोलून निघतो. रोप बियांचं असेल तर फुलासाठी बरीच वर्षं थांबावं लागतं.

थंडीची काळजी नको. झाड चीन-कोरियाचं, मुरलेलं लाकूड उणे 20 सोसतं. ऑक्टोबरात सगळी पानं गळतील, झाड मेलं म्हणून उपटू नका. घरात तर अजिबात नको, उबेने जानेवारीतच डोळे फुटतात. कुंडीतली मुळं मात्र फांद्यांइतकी काटक नाहीत. कुंडी लाकडी फळीवर भिंतीलगत ठेवा, भोवती गोणपाट गुंडाळा. जुलैअखेर नत्राचं खत बंद, नाहीतर कोवळी फूट थंडीत काळी पडते.

प्रतिसाद: निंबोणी
जोडप्रश्न: माझ्या कुमक्वाटला (छोट्या संत्र्यासारखं फळझाड) बुडातून तीन-तीन पानांच्या काटेरी फांद्या येताहेत. हेच झाड का?

प्रतिसाद: पानगळ
हो, कलमाचा खुंट (ज्यावर कलम बांधतात ते मुळाकडचं झाड) याचा आहे. (नागपुरी संत्र्याला आपल्याकडे बहुधा जंभेरी किंवा रंगपूर लाइमचा खुंट असतो.) कलमाच्या सांध्याखालची प्रत्येक फूट कोवळी असतानाच बुडापासून मोडून काढा. कात्रीने वरवर कापलीत तर तिथूनच आणखी फुटते, आणि खुंट जोमदार असल्याने कुमक्वाट मागे पडतं. तुमच्याकडेही पाणी चुन्याचं असेल तर पानांवर लक्ष ठेवा.