मार्क ट्वेन जंगलात कुत्री घेऊन डुकराची शिकार बंद: निवेदनात काय लिहावं?

ओझार्ककर:
मी मूळचा संगमेश्वरचा, ११ वर्षं अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या दक्षिण भागात राहतो. शेजाऱ्यांमुळे इथे डुकराच्या शिकारीचा नाद लागला. माझी तीन कुत्री आहेत. दोन ‘ब्लॅक माउथ कर’ या शिकारी जातीची, माग काढून डुकराला अडवतात आणि भुंकत राहतात. तिसरा बुलडॉग, तो कान धरतो तो सोडत नाही. त्याच्या अंगात केव्हलारचं जाकीट, सगळ्यांच्या गळ्यात जीपीएस पट्टा. आपण मागून जाऊन डुकराचे पाय उचलायचे आणि सुरीने एका घावात संपवायचं. आजोबांच्या पारधीत हाकारे असायचे, ठासणीची बंदूक असायची. कुत्र्यांचा जीव मात्र असाच टांगणीला.

राज्याच्या संवर्धन खात्याने २०१६ मध्ये खात्याच्या ताब्यातल्या जमिनींवर डुकराची शिकार बंद केली. नंतर मार्क ट्वेन राष्ट्रीय वनातही बंदी आली, म्हणजे सुमारे १५ लाख एकर रान गेलं. खाजगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने चालतं, पण ज्याच्या ओळखीत शेतवाला नाही त्याने कुठे जायचं? आम्ही १७ जण शनिवारी जमलो होतो. वन खात्याला आणि आमदारांना निवेदन द्यायचं ठरलं, लिहायचं काम माझ्याकडे आलं. सगळ्यांचं म्हणणं एकच: बंदी उठवा. एवढ्यावर भागेल का?

वाकोवाला:
नाही भागणार. २०१७ मध्ये टेक्सासच्या कृषी आयुक्तांनी डुकरांसाठी वॉरफरिनच्या (रक्त गोठू न देणारं औषध) विषारी आमिषाला परवानगी दिली होती. शिकाऱ्यांनी हजारो सह्या जमवल्या, पण एकटे लढले नाहीत. रानडुकराचं मांस विकणारा कारखाना कोर्टात गेला, कोर्टाने तात्पुरती स्थगिती दिली आणि एप्रिलमध्ये कंपनीने आमिष मागे घेतलं. तुमच्या १७ जणांत एक तरी शेतकरी आहे का? नसेल तर आधी तो आणा.

कुरणवाली:
दादा, राग मानू नका, मी शेतकरीच आहे आणि बंदीच्या बाजूने आहे. एका रात्रीत डुकरांनी आमचं गवताचं कुरण नांगरल्यासारखं उलटं केलं. सापळ्याला वेळ लागतो. आधी मका टाकून सगळा कळप पिंजऱ्यात यायची सवय लावायची, कॅमेऱ्यावर मोजायचा, वीसच्या वीस आत आली की मगच दार पाडायचं. आमचा कळप असा जमत आला होता, तेवढ्यात कुणीतरी कुत्री सोडली. तीन मारली, सतरा पांगली, ती पुन्हा मक्याकडे फिरकली नाहीत. एक मादी एका वेतात चार-सहा पिल्लं देते, वर्षातून दोनदाही विते. तीन मारून काय होतं? आणि शिकार मिळावी म्हणून रात्री ट्रेलरमधून डुकरं आणून सोडणारेही शिकारीच असतात. त्याबद्दल तुमच्या बैठकीत कुणी बोललं का?

पशुवैद्य:
निवेदनाचं राहू द्या, आधी कुत्र्यांचं बघा. डुकरांतला स्यूडोरेबीज हा विषाणूचा आजार कुत्र्याला झाला की दोन-तीन दिवसांत खेळ संपतो, औषध नाही. कच्चं मांस अजिबात घालू नका. तुम्हीही सोलताना हातमोजे घाला, डुकरांतल्या ब्रुसेला जिवाणूचा संसर्ग माणसालाही होतो.

ओझार्ककर:
ताई, नाही बोललं कुणी. मीही नाही. वाचून रात्रभर झोप लागली नाही, कारण अशी डुकरं सोडणाऱ्या एकाला मी ओळखतो आणि आजवर गप्प बसलो.

मसुदा नव्याने लिहिला. आता सगळं रान मागत नाही. सापळे लागलेत तिथे आम्ही कुत्री सोडणार नाही. पण सापळ्याला हुशार झालेलं एकल डुक्कर मक्याला भुलत नाही, झुडपात दिवस काढतं. ते कुत्र्याच्या नाकालाच सापडतं. खात्याने बोलवावं, आमची नावं आणि कुत्र्यांचे पट्टे नोंदवावेत, त्या एकट्या डुकरावर आम्हाला सोडावं. पैसे नकोत.

शनिवारी वाचून दाखवणार आहे. चार-पाच जण उठून जातील, जाऊ देत. पहिलंच वाक्य ठेवलंय: डुकरं आणून सोडणाऱ्याला कडक शिक्षा करा. ताई, त्याखाली तुमची सही मिळेल का?