हार्डडिस्कची जागा कमी दिसतेय? तुमचे अनुभव लिहा

नवी डिस्क जोडली आणि खोक्यावरच्यापेक्षा कमी जागा दिसली, की बहुतेकांचा पहिला संशय दुकानदारावर जातो आणि हात फॉरमॅटच्या बटणाकडे. संशय परवडला, फॉरमॅट नाही. त्यात घरचे फोटो, प्रबंध, हिशेब कायमचे जातात. म्हणून विनंती अशी, की नेमका आकडा किती दिसत होता, कारण काय निघालं आणि डेटा वाचला का, एवढं जरूर लिहा.

सुरुवात मी करते. माझी १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते आणि ती पूर्ण आहे. बनवणारे १ टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट धरतात. विंडोज त्याच बाइटांना १०२४ ने तीनदा भागतं आणि पुढे जीबी लिहितं. म्हणून ५०० चे ४६५ होतात, २ टीबीचे १.८१. मॅकमध्ये २००९ च्या स्नो लेपर्डपासून दहाच्या पटीत मोजतात, त्यामुळे तीच डिस्क तिथे पूर्ण १ टीबी दिसते. तुमचा आकडा याच्या आसपास असेल तर निश्चिंत राहा. खूपच कमी असेल तर मात्र कारण शोधायला हवं.

सोलापूर, दुरुस्तीचं दुकान
आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे १२८ जीबीची एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) काढून ५०० ची टाकली, जुनी जशीच्या तशी क्लोन केली, तरी जागा ११८ जीबीच. क्लोन करताना पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या आतल्या भागांची, मापंही तशीच उतरतात. विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडलं की उरलेली जागा काळ्या पट्टीखाली 'अनअलोकेटेड' म्हणून दिसते. पण सी ड्राइव्हवर राइट क्लिक केलं तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' फिकट, कारण मध्ये रिकव्हरी पार्टिशन (विंडोजच्या दुरुस्तीसाठी राखलेला भाग) बसलेलं असतं. विंडोज फक्त लगेच उजवीकडची मोकळी जागा जोडून घेतं. आम्ही जीपार्टेड या पार्टिशन हलवायच्या मोफत प्रोग्रॅमने ते पार्टिशन शेवटी सरकवतो. त्याआधी बॅकअप, आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी की लिहून घेऊन तो बंद करतो. ही की नसताना कुणीही तुमच्या लॅपटॉपच्या पार्टिशनला हात लावत असेल तर सरळ थांबवा.

नागपूर, लग्नाचे फोटो काढतो
४ टीबीची डिस्क, आत कित्येक लग्नं. मित्राच्या जुन्या यूएसबी डॉकमध्ये (सुटी डिस्क यूएसबीने जोडायचा स्टँड) लावली तर १.६३ टीबी, आणि वर विंडोजचा प्रश्न, 'फॉरमॅट करायची का?' मी 'कॅन्सल' दाबलं आणि डिस्क थेट डेस्कटॉपच्या साटा केबलला लावली. सगळे फोल्डर जागच्या जागी.

नंतर हिशेब मांडून पाहिला. या डिस्कवर ५१२ बाइटांचे ७,८१,४०,३७,१६८ सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे कप्पे, आहेत. जुन्या डॉकमधली चिप सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत ठेवते, म्हणजे तिला जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ पर्यंतच मोजता येतं. त्यापुढे मोजणी पुन्हा शून्यापासून. वजाबाकी केली की उरतात ३,५१,९०,६९,८७२ सेक्टर, आणि तेच ते १.६३ टीबी! डिस्क ठणठणीत होती, डॉकचं गणित तोकडं पडलं. अशा डॉकमधून डिस्कवर काही लिहू नका, फॉरमॅट तर नाहीच. दोन-दोन महिने जपलेलं काम एका 'ओके'वर जाऊ शकतं, हे आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला मला ओरडून सांगायचंय.

पुणे
माझ्या ४ टीबीच्या डिस्कचे २०४८ जीबीच दिसत होते, बाकीची जागा अनअलोकेटेड आणि तिच्यावर नवं पार्टिशनही बनेना. डिस्क एमबीआर या पार्टिशन मांडायच्या जुन्या पद्धतीने मांडलेली होती, तिची मर्यादाच तेवढी. ती जीपीटी या नव्या पद्धतीची केली आणि पूर्ण ४ टीबी वापरता आले. डिस्क मॅनेजमेंट हे रूपांतर रिकाम्या डिस्कवरच करू देतं, म्हणून आधीचा सगळा डेटा दुसरीकडे हलवला.

मुंबई, प्रयोगशाळेतले सर्व्हर सांभाळते
लिनक्सवाल्यांसाठी. एक्सटी-४ (ext4, लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) फॉरमॅट करताना ५ टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य खात्यासाठी, राखली जाते. ८ टीबीवर ती सुमारे ४०० जीबी होते. नुसता डेटा ठेवायची डिस्क असेल तर ट्यून-टू-एफएस (tune2fs) या कमांडने हे प्रमाण १ टक्क्यावर आणा, डेटाला धक्का लागत नाही. सिस्टिमच्या डिस्कवर मात्र राहू द्या.

जळगाव, शाळेत शिक्षक
लिनक्सचा इन्स्टॉलर टाकल्यावर आमचा ३२ जीबीचा पेनड्राइव्ह काही एमबींचाच दिसायला लागला. विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडमध्ये 'क्लीन' करून नवं पार्टिशन केलं आणि जागा परत आली. 'सिलेक्ट डिस्क'पुढचा क्रमांक मात्र दोनदा पाहा, दुसरी डिस्क निवडली गेली तर तिचं पार्टिशन टेबल पुसलं जातं.

रत्नागिरी
माझ्याकडे ३ टीबीची डिस्क आहे, जुन्याच डॉकमध्ये. ७४६ जीबी दाखवते आणि फॉरमॅट विचारते. आत आईच्या सत्तरीचे व्हिडिओ आहेत. काय करू?

नागपूर, लग्नाचे फोटो काढतो
ताई, ३ टीबीतून ती ३२ बिटांची मर्यादा वजा केली की बरोबर ७४६ उरतात. कारण बहुधा तेच आहे. डॉकमधून काढा, कुणाच्या तरी डेस्कटॉपला साटाने लावा. तिथेही फॉरमॅट विचारलं तर 'कॅन्सल' दाबून इथे लिहा, काही डॉक सेक्टर वेगळ्या मापाने मांडतात, त्यावरही उपाय आहे. फोल्डर दिसले तर सगळ्यात आधी व्हिडिओंची दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा, बाकी नंतर बघू.