ट्रूब्नर अँड कंपनी, लंडन: पत्त्यावरून पुस्तकाचं साल काढता येतं का? आणि हा ट्रूब्नर कोण?

गोदाकाठ
पंचवटीतल्या एका वाड्यातून आलेल्या इंग्रजी पुस्तकांची यादी करतोय. तीन पुस्तकं ‘ट्रूब्नर अँड कंपनी, लंडन’ची आहेत. त्यातले दोन म्हणजे जॉन बीम्सच्या भारतीय भाषांच्या तौलनिक व्याकरणाचे पहिले दोन खंड. पहिल्यावर पत्ता ‘८ व ६०, पॅटरनॉस्टर रो’, दुसऱ्यावर ‘५७ व ५९, लडगेट हिल’. तिसरं मार्टिन हौग यांचं पारशी धर्मावरच्या निबंधांचं पुस्तक. त्याच्या शीर्षकपानाचा खालचा कोपरा फाटलाय. कंपनीचं नाव आणि ‘लडगेट हिल’ शिल्लक आहे, साल गेलं. यादीत काय लिहू? आणि या प्रकाशकाबद्दल कुणाला नीट माहिती आहे का?

छापखाना
पत्ता हा फार चांगला पुरावा आहे. ट्रूब्नरने १८५१ मध्ये १२, पॅटरनॉस्टर रो इथे सुरुवात केली. नंतर दुकान त्याच रस्त्यावर ६० नंबरला गेलं, पुढे ८ नंबरची जागाही घेतली. १८७३ पासून पत्ता ५७ व ५९, लडगेट हिल. बीम्सचा पहिला खंड १८७२ चा, दुसरा १८७५ चा, म्हणजे मधे दुकान हललं. तिसरा खंड १८७९ चा, तोही शोधा. संच पूर्ण असेल तर त्याची किंमत अभ्यासकाला वेगळी.

कंपनीचं नावही पाहायचं. १८८९ मध्ये ही पेढी विलीन होऊन ‘केगन पॉल, ट्रेंच, ट्रूब्नर अँड कंपनी’ झाली. तुमच्या हौगवर नुसतं ट्रूब्नर आणि लडगेट हिल, म्हणजे १८७३ ते १८८९ ही चौकट नक्की.

आता चौकट आवळू. हे पुस्तक आधी १८६२ मध्ये मुंबईत निघालं. दुसरी आवृत्ती ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी संपादित केली, ती ट्रूब्नरची, १८७८ ची. तिसरी १८८४ ची, आणि तिच्यात ई. पी. एव्हान्स यांनी लिहिलेलं हौग यांचं चरित्र जोडलंय. ते पुस्तकात आहे का बघा. फाटक्या पानापेक्षा ही खूण जास्त भरवशाची.

गोदाकाठ
चरित्र नाही. पण शेवटी प्रकाशकाच्या पुस्तकांची यादी बांधलेली आहे, तिच्यावर १८८२ आहे. मग १८८२ लिहू?

छापखाना
नको. इथेच बहुतेक याद्या चुकतात. त्या काळी छापलेले फर्मे, म्हणजे बांधणी न झालेले छापील ताव, एकदम सगळे बांधत नसत. थोडे बांधायचे, उरलेले गोदामात ठेवायचे आणि मागणी आली की पुढचे बांधायचे. बांधताना त्या वर्षाची ताजी यादी मागे जोडायची. म्हणून मागच्या यादीवरून बांधणी केव्हाची ते कळतं, छपाई केव्हाची ते नाही. तुमची प्रत १८७८ च्या दुसऱ्या आवृत्तीची, १८८२ किंवा त्यानंतर बांधलेली. साल पानावर नसून आपण ठरवलंय, म्हणून यादीत ते चौकोनी कंसात [१८७८] असं लिहा आणि शेऱ्यात ‘शीर्षकपान फाटलेले, चरित्र नाही, मागे १८८२ ची यादी’ एवढं टाका. इकडे पुन्हा बांधलेल्या प्रतीत ही मागची यादी बहुधा काढून टाकलेली असते, तेव्हा मूळ कापडी बांधणी असेल तर तिला हात लावू नका.

जुनीपाने
माणसाबद्दल मी लिहितो. निकोलस ट्रूब्नर, जन्म हायडेलबर्गचा, १८१७. वडील सोनार. गावातल्याच पुस्तकविक्रेत्याकडे उमेदवारी केली, मग जर्मनीतल्या आणखी काही पेढ्यांत काम. १८४३ मध्ये लंडनच्या लाँगमन या प्रकाशकाकडे परदेशी पत्रव्यवहाराचा कारकून म्हणून गेला. स्वतःचं दुकान काढल्यावर आधी अमेरिकी पुस्तकांचा व्यापार धरला आणि अमेरिकी ग्रंथांची सूची स्वतः तयार केली. रशियन निर्वासित लेखक हर्झेनच्या, रशियात बंदी असलेल्या प्रकाशनांची लंडनमधली विक्रीही त्याच्याकडे होती. सॅम्युअल बटलरची ‘एरेव्हॉन’ ही कादंबरी त्यानेच १८७२ मध्ये काढली.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे तो लंडनमधले संस्कृतचे प्राध्यापक गोल्डस्ट्युकर यांच्याकडे संस्कृत शिकला. १८६५ मध्ये त्याने एक नियतकालिक सुरू केलं. त्यात अमेरिका आणि पूर्वेकडच्या देशांत निघणाऱ्या पुस्तकांच्या नोंदी यायच्या, त्यामुळे भारतात छापलेलं पुस्तक युरोपातल्या प्राध्यापकाला कळायचं तरी. एलियट-डाउसनचे भारताच्या इतिहासाचे आठ खंड, चिल्डर्सचा पाली कोश, १८७८ पासूनची ‘ओरिएंटल सिरीज’ हे सगळं त्याच्या पेढीचं. आणि या साखळीत पुणे ठळक आहे. हौग १८५९ ते १८६६ पुण्याच्या सरकारी कॉलेजात, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजात, संस्कृतचे प्राध्यापक होते. त्याच कॉलेजचे माजी प्राचार्य एडविन आर्नॉल्ड. त्यांचं बुद्धचरित्रावरचं ‘लाइट ऑफ एशिया’ १८७९ मध्ये ट्रूब्नरनेच छापलं. अशी पुस्तकं विकून पैसा हळू येतो. तरी त्याने ती नेटाने काढली, याचं मला फार मोल वाटतं.

१८८४ मध्ये तो लंडनमध्ये वारला. पुतण्या कार्ल स्ट्रासबुर्गमध्ये पुस्तकविक्रेता होता. पॅरिसमधलं मानेसे हस्तलिखित, म्हणजे मध्ययुगीन जर्मन गीतांचा सचित्र संग्रह, १८८८ मध्ये हायडेलबर्गला परत आणण्याचा व्यवहार त्यानेच जुळवला.

रविवारकारंजा
एक गल्लत टाळा. हंटरचा ‘इम्पीरियल गॅझेटियर’ (१८८१, नऊ खंड) ट्रूब्नरचा आहे. नाशिक जिल्ह्याचा सोळावा खंड मात्र मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधला, १८८३ चा, मुंबईच्या सरकारी छापखान्यातला. वाड्यात दोन्ही निघाले तर एकाच संचाचे समजून एकत्र लावू नका.

फाटक्या कोपऱ्याला सेलोटेप अजिबात नको, त्याचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. जपानी टिश्यूची बारीक पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, मागच्या बाजूने. वर टिपकागद आणि थोडं वजन ठेवून पूर्ण वाळू द्या. पावसाळ्यात हे करू नका. ओल राहिली की बुरशी धरते. कंपनीचं नाव असलेली कडा खळीत भिजणार नाही एवढं सांभाळा, तुमचा सगळा पुरावा तिथेच आहे.

गोदाकाठ
तिसरा खंडही सापडला, लडगेट हिल, १८७९. हौगची नोंद वर सांगितल्याप्रमाणे केली. दुरुस्ती दिवाळीनंतर करू.