काउसाचे तुकडे तीन, माणसं पाच

मुळामुठा
लंडनमध्ये 2012 साली सोहो, फिट्झरोव्हिया आणि मेफेअर या तिन्ही भागांत पेरू देशाच्या जेवणाची रेस्टॉरंट्स उघडली आणि तेव्हापासून ही चव इथे चांगलीच रुजली. आपल्या मंडळींनाही ती पटकन आवडते, आंबट-तिखटाशी आपलं जुनंच सख्य आहे. माझा आक्षेप वाढायच्या पद्धतीला आहे. "आमच्याकडे सगळं शेअरिंग. माणशी दोन-तीन प्लेट घ्या, जे तयार होईल तसं येईल." वेटरकडून हे ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडते.

परवा आम्ही पाच जण गेलो होतो. काउसा आला. लिंबू आणि पिवळी मिरची घालून मळलेला गार बटाटा, मध्ये अवाकाडोचा थर, वर काळ्या ऑलिव्हची चकती. चवीला अप्रतिम, पण तुकडे तीन. मग सुरीने त्याचे पाच भाग करण्याचा खटाटोप, तोवर थर घसरून प्लेटभर पसरलेले. बाकी ऑर्डर सेविचे म्हणजे लिंबाच्या रसातला कच्चा मासा, ऑक्टोपस आणि अँटिकुचो म्हणजे बैलाच्या हृदयाच्या सळया. आमच्यातली एक मुलगी शाकाहारी आहे, इथे शिकते. तिच्या वाट्याला काउसा आणि मक्याचे दाणे. बिल मात्र पाचांत सारखं वाटलं गेलं. ती काही बोलली नाही, कोणी बोलतच नाही.

माझं मत असं की शेअरिंग प्लेट्स ही रेस्टॉरंटची सोय आहे आणि तिचा भुर्दंड कमी खाणाऱ्याला आणि कमी कमावणाऱ्याला बसतो. पेरूच्या राजधानीतला, लिमातला कारकून दुपारी जेवतो तेव्हा त्याला सूप, एक मुख्य पदार्थ आणि सरबत असं ठरलेल्या दरात, त्याच्या एकट्यासाठी मिळतं. मग लंडनमध्येच ही सगळ्यांनी मिळून खायची मधली प्लेट कुठून आली?

मिराफ्लोरेस
असहमत. कामानिमित्त लिमात राहिलोय, म्हणून लिहितो. कारकुनाचं जेवण तुम्ही म्हणता तसंच, पण ते कामाच्या दिवसाचं. रविवारी घरची मंडळी सेविचेरियात, म्हणजे सेविचेच्या हॉटेलात जातात तेव्हा मधोमध सेविचेची मोठी बशी, शेजारी हालेआ, म्हणजे तळलेल्या मासळीचा ढीग, आणि सगळ्यांचे काटे त्यातच. सुरुवातीच्या खाण्याला तिथे 'पिकेओ' म्हणतात, ते वाटून खाण्यासाठीच असतं. अर्जेंटिनात पिकादाची फळी येते, सलामी, चीज, ऑलिव्ह. ब्राझीलच्या बोतेकोत, म्हणजे गल्लीतल्या साध्या बारमध्ये, तळलेला कसावा अख्ख्या टेबलासाठी मागवतात. आसादोला, म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजायच्या मेजवानीला, तर निखाऱ्यापाशी उभा असलेला माणूसच आधी चोरीसो, मग आतडी, शेवटी बरगड्या असं क्रमाने सगळ्यांना वाढत जातो. ही लंडनची कल्पना नाही.

आणि एकेकट्याने मागवलंत तर खाणार काय? एक सेविचे, पोट भरलं, घरी. पेरूचं जेवण म्हणजे आंदेस पर्वतातला बटाटा, 1899 पासून आलेल्या जपान्यांची मासा कापायची पद्धत, चिन्यांची कढई आणि आफ्रिकन गुलामांनी नावारूपाला आणलेले अँटिकुचो. एका ताटात हे मावत नाही.

साधा वरणभात
मुळामुठाताईंशी शंभर टक्के सहमत. 15-16 पौंडांत चार घास येतात आणि त्यातला एक माझा.

गरम तवा
मी शिक्षण सांभाळून अशाच एका स्वयंपाकघरात काम करते, म्हणून आतली बाजू सांगते. "तयार होईल तसं येईल" याला खरंच कारण आहे. मासा कापून बर्फावर ठेवलेला असतो, पण लिंबाचा रस, मीठ, कांदा, मिरची ऑर्डर आल्यावरच पडते. काही मिनिटांत तुकड्याची कड पांढरी होते आणि आतला भाग कच्चा राहतो, तेव्हाच तो खायचा. निखाऱ्यावरची सळई होईपर्यंत थांबवलं तर मासा वातड होतो. सेविचे आलं की बोलणं थांबवून आधी ते खा, एवढीच माझी विनंती.

पण काउसाबद्दल ताईंचं बरोबर आहे. पाच माणसं दिसत असताना तीन तुकडे पाठवणं हा वाढणाऱ्याचा हलगर्जीपणा. ऑर्डर देतानाच "यात नग किती?" असं विचारायचं. बहुतेक ठिकाणी जादा तुकड्याचे पैसे घेऊन पाच करून देतात. आणि बिलातला साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतो, सेवा वाईट असेल तर काढायला सांगता येतो. चांगली असेल तर मात्र राहू द्या. 1 ऑक्टोबर 2024 पासून कायद्याने ते पैसे मालकाला ठेवता येत नाहीत, ते आम्हा कामगारांनाच मिळतात.

शेवग्याची शेंग
पैशांचं राहू दे, मला उष्ट्याचं सांगा. सेविचेच्या रसात बुडालेला काटा तसाच माझ्या मक्यात येतो. वेगळा चमचा मागितला की टेबलावर उगाच शांतता पसरते. मिराफ्लोरेसदादा, तुमच्या लिमात चालत असेल, मला नाही चालत, आणि त्याची मला लाजही नाही.

शाकाहाऱ्याला तिथे काही नाही हे मात्र मला मान्य नाही. आपल्या एकादशीच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा आणि साबुदाणा ज्यापासून होतो तो कसावा, तिन्ही मुळात दक्षिण अमेरिकेतले. त्यांच्या घरात आपण उपाशी का राहायचं? सोल्तेरितो मागवा, अरेकिपाकडची चीज, मका आणि पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची, म्हणजे ब्रॉड बीन्सची कोशिंबीर. पापा आ ला वांकाइना मागवा, उकडलेल्या बटाट्यावर मिरची-चीजचा पिवळा दाट सॉस, वरचं अंडं नको म्हणून सांगायचं. मशरूमचं सेविचे दिसलं तर रसात माशाचं पाणी आहे का ते आधी विचारा, लेचे दे तिग्रेत, म्हणजे सेविचेच्या या आंबट रसात, बऱ्याचदा असतं.

मिराफ्लोरेस
वेगळा चमचा ही रास्त मागणी आहे, ती प्रत्येक प्लेटबरोबर यायलाच हवी. पण बिलाचा राग प्लेटवर काढू नका. तिथे पाच जणांत कुठल्या प्लेट घ्यायच्या हे कोणी ठरवलं? बहुधा जो सगळ्यांत मोठ्याने बोलतो त्याने. शाकाहारी मुलीला आधी विचारून चार प्लेट तिला चालतील अशा घेतल्या असत्या, तर हा धागाच निघाला नसता. आणि दर घासाचा हिशोब काढायचा असेल तर एकत्र जेवायला जायचंच कशाला?

मुळामुठा
शेवटच्या वाक्याला माझा ठाम विरोध आहे. हे नेहमी ज्याला परवडतं तोच म्हणतो. तिने नको म्हणायचं तर कद्रू ठरायचं, हो म्हणायचं तर आठवड्याचा किराणा गेला. पिकेओ घरच्यांमध्ये चालतं कारण तिथे बिल बहुतेक वेळा एक जणच भरतो, ओळखीच्या पाच जणांत ते तसंच्या तसं आणता येत नाही. मधली प्लेट मला मान्य आहे, गरम तवा यांचं सेविचेचं कारण तर पूर्ण पटलं. पण मांस-मासळी आणि दारू खाणाऱ्या-पिणाऱ्यांत वाटायची, बाकीचं सगळ्यांत, आणि हे खुर्चीत बसल्याबसल्या मोठ्याने बोलायचं. पुढच्या वेळी मीच बोलणार आहे, तिला बोलायला लावणार नाही.

साधा वरणभात
आणि पिस्कोचे, म्हणजे पेरूच्या द्राक्षांच्या दारूचे, ग्लास कोणी किती घेतले तेही बिलावर लिहून घ्या. आमच्याकडे खरा वाद तिथेच होतो.