राजीनामा टाकण्याआधी काय हवं: गाठीला शिल्लक की पैसे मोजणारं गिऱ्हाईक?

रिकामी_वही (धागाकर्ता)

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला टाक आणि मग सोड. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. शिल्लक असली की तुम्ही किती दिवस तग धराल ते कळतं. तुमचं काम कुणी विकत घेईल का, याबद्दल ती चकार शब्द काढत नाही.

तयारीची खूण माझ्या मते एकच. नातेवाईक नाही, मित्र नाही, जुना साहेब नाही, अशा माणसाने पूर्ण दर मोजला आणि तो पुन्हा आला. पहिल्यांदा लोक भिडेखातरही पैसे देतात. दुसऱ्यांदा देत नाहीत. तोवर नोकरी चालू ठेवावी आणि उरल्या वेळात काम करावं.

जोसेफ राफी आणि जी फेंग या संशोधकांनी २०१४ साली अमेरिकेतली आकडेवारी तपासली. आधी नोकरी सांभाळून धंदा केला आणि मग पूर्णवेळ त्यात पडले, अशांचा धंदा बंद पडण्याचा धोका थेट उडी मारणाऱ्यांपेक्षा साधारण एक-तृतीयांशाने कमी निघाला. ‘नायके’वाले फिल नाइट यांनी १९६४ मध्ये बूट विकायला सुरुवात केली, पण हिशेबतपासनिसाची नोकरी आणि नंतर शिकवणं १९६९ पर्यंत सोडलं नाही. बोला आता.

जुना_हिशेबनीस

साफ असहमत. गिऱ्हाईक मिळणं आणि पैसे मिळणं यांत किती अंतर असतं ते पगारदाराला कळत नाही, कारण त्याच्या खात्यात ठरलेल्या तारखेला रक्कम पडते.

एक साधं काम घ्या. महिनाभर राबलात, महिनाअखेरीला बिल पाठवलंत. मुदत ४५ दिवसांची. पंचेचाळिसाव्या दिवशी फोन केलात तर कळतं, बिलावर ऑर्डर नंबर नव्हता म्हणून ते हिशेब खात्यात तसंच पडून आहे. नवीन बिल, पुन्हा तीच मुदत. म्हणजे पहिल्या दिवसाच्या घामाचे पैसे चार महिन्यांनी. गिऱ्हाईक खरं, काम चोख, दरही पूर्ण, आणि तरी घरात ठणठणाट. हा खड्डा शिल्लकच भरते. सहा महिने हा आकडा मलाही पटत नाही, कारण तो कमी आहे.

थेट_उडी

दोघांचंही पटत नाही. नाइट यांचं उदाहरण दिलंत, मग ‘अ‍ॅमेझॉन’वाले जेफ बेझोस यांचंही द्या. १९९४ मध्ये उत्तम पगाराची नोकरी सोडून ते मोकळे झाले. काही कामं उरल्या वेळात होतच नाहीत. गिऱ्हाईक दिवसा फोन करतं, तुम्ही मीटिंगमध्ये असता. रात्री अकराला दमलेल्या डोक्याने केलेल्या कामावरून ‘माझं काम चालतं का’ हे कसं ठरवणार?

त्या अभ्यासातही मेख आहे. नोकरी सांभाळून करून पाहिलं, जमलं नाही, गप्प बसले, असे लोक पूर्णवेळवाल्यांच्या गणतीत येतच नाहीत. उरतात ते आधीच गाळून निघालेले. ते टिकणारच.

रिकामी_वही

@थेट_उडी, गाळले गेले हाच तर माझा मुद्दा! ज्यांचं जमलं नाही त्यांचा पगार शाबूत राहिला. तुमच्या वाटेने गेले असते तर हेच उत्तर त्यांना नोकरी घालवून मिळालं असतं.

कलम_वाचणारी

चर्चा छान चाललीये, पण नेमणूकपत्र कुणी उघडून पाहिलंय का? ‘उरल्या वेळात करा’ म्हणणं सोपं आहे. कित्येक करारांत दुसरं उत्पन्नाचं काम करायला मनाई असते. नोकरीच्या काळात बनवलेलं काहीही कंपनीच्या मालकीचं, असंही कलम असतं. ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतःच्या गिऱ्हाइकाची फाइल उघडलीत की पुरावा तुम्हीच तयार करून दिलात. शिवाय सोडल्यावर जुनी गिऱ्हाइकं फोडायची नाहीत, अशी अट. ही कलमं कुठे किती टिकतात ते त्या-त्या देशाच्या कायद्यावर आहे, म्हणून वकिलाला एकदा पैसे द्या. तो खर्च राजीनाम्याआधीचा.

दर_काय_लावू

‘पूर्ण दर’ म्हणजे किती, हे धागाकर्त्याने मोघम सोडलंय. बहुतेक जण पगार भागिले कामाचे तास करतात आणि तिथेच बुडतात.

आठवड्याला ४० तास धरून वर्षाचे २,०८० होतात. सुट्ट्या आणि आजारपणाचे सहा आठवडे काढा, १,८४० उरले. त्यातला निम्मा वेळ गिऱ्हाईक शोधणं, दरपत्रक पाठवणं, वसुली, हिशेब यात जातो असं धरा (सुरुवातीला जातोच). बिल लावता येतं फक्त ९२० तासांचं. म्हणजे हातात तेवढाच पगार यायला ताशी दर सव्वादोन पट हवा, आणि त्यात विमा, साधनं, निवृत्तीची तरतूद अजून धरलेलीच नाही. तेव्हा कुणी पगाराच्या हिशेबाने दर मोजला असेल तर ते गिऱ्हाईक तयारीची खूण नाही. त्याला स्वस्तात माणूस मिळाला, एवढंच.

खुर्चीतच_बरा

मुळात सोडायचं कशाला? बार्टन हॅमिल्टन या अर्थतज्ज्ञाचा २००० सालचा अभ्यास आहे, अमेरिकेतलाच. दहा वर्षं स्वतःच्या धंद्यात काढलेल्यांची मध्यक (म्हणजे कमाईच्या क्रमाने लावलेल्या रांगेत बरोबर मधल्या माणसाची) कमाई नोकरी करत राहिलेल्या तशाच माणसांपेक्षा ३५ टक्क्यांनी कमी होती.

थेट_उडी

आणि तरी ते दहा वर्षं टिकून राहिले! हॅमिल्टनही तेच म्हणतो, स्वतःचा मालक असण्यासाठी लोक ती किंमत मोजतात. सगळं कमाईच्या तराजूत घालू नका.

जुना_हिशेबनीस

मोजा की, खुशाल मोजा. पण मोजायला जवळ काहीतरी हवं ना? आणखी एक: घरासाठी कर्ज घ्यायचं असेल तर पगाराची स्लिप हातात असतानाच घ्या. स्वतःचं काम करणाऱ्याकडे बँक आधीच्या काही वर्षांचे हिशेब मागते. आरोग्यविमाही स्वतःच्या नावावर आधी सुरू करा, कंपनीचा शेवटच्या दिवशी संपतो.

रिकामी_वही

विमा आणि कर्जाचं मान्य. ताशी दराचा हिशेबही मान्य, मूळ धाग्यात ‘पूर्ण दर’ याचा अर्थ तोच धरा. चार महिन्यांचा खड्डा मात्र शिल्लक वाढवून भरण्याआधी निम्मी रक्कम आगाऊ मागून पाहा. अनोळखी माणूस आगाऊ देत नसेल, तर @जुना_हिशेबनीस, बारा महिन्यांची शिल्लक घेऊन तरी तुम्ही नेमकी कशाची वाट पाहणार आहात?