नाताळच्या ब्रास बँड कॉन्सर्टला जायचंय, युफोनियमचा सोलो आहे: काय ऐकू, कुठे बसू?

सांजसूर
नमस्कार मंडळी. नाताळच्या आठवड्यात एका ब्रास बँडचा कॉन्सर्ट आहे, मैत्रिणीने विचारलं येतेस का आणि मी हो म्हणून टाकलं. माझं ऐकणं म्हणजे मुख्यतः ख्याल, थोडी सतार, थोडं व्हायोलिन. पितळी वाद्यं म्हटली की खणखणीत आवाज एवढंच डोक्यात होतं, पण पत्रकात लिहिलंय की पाहुणे कलाकार युफोनियमवर सोलो वाजवणार, म्हणून एक क्लिप लावली आणि ऐकतच राहिले. इतका मऊ, गोल, भरलेला आवाज, आणि तोही एवढ्या मोठ्या धातूच्या नळ्यांमधून! मंद्र सप्तकात कुणी शांतपणे आलापी करतंय असं वाटलं.

तर जाणकारांनी सांगा, हे वाद्य नक्की कसलं, एरवी बँडमध्ये याचं काम काय असतं, कुठे बसलं म्हणजे नीट ऐकू येईल (सीट अजून निवडता येतायत), आणि आधी काही ऐकून जावं की कोऱ्या कानांनी जावं? सोबत पहिलीतली लेक असणार आहे, ती दोन तास बसेल का हाही प्रश्न आहेच.

पितळी_पट्टी
जरूर जा! मी हौशी बँडमध्ये बॅरिटोन वाजवतो म्हणजे युफोनियमवाल्यांच्या अगदी शेजारी बसतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

ब्रिटिश पद्धतीच्या ब्रास बँडमध्ये साधारण २५ पितळी वाद्यं आणि दोन-तीन तालवाद्यवाले असतात. क्लॅरिनेट-बासरी नाही, ट्रम्पेटसुद्धा नाही, त्याच्या जागी कॉर्नेट. मग फ्लुगल, टेनर हॉर्न, बॅरिटोन, युफोनियम, ट्रॉम्बोन आणि सगळ्यात खाली मोठे ट्युबा, ज्यांना बँडवाले नुसतं बेस म्हणतात. यात युफोनियम फक्त दोन. नळी उलगडली तर साधारण ९ फूट, ट्रॉम्बोनची पण तेवढीच, म्हणजे मूळ सूर दोघांचा एकच. तरी आवाजात इतका फरक का, तर ट्रॉम्बोनची नळी बरीच लांबपर्यंत एकाच जाडीची राहते आणि युफोनियमची हळूहळू रुंद होत जाते. त्या रुंदावण्यातून तो तुम्ही म्हणताय तो गोलवा येतो. बॅरिटोन दिसायला तसाच पण नळी अरुंद, म्हणून आवाज हलका आणि जरा टोकदार.

एरवी काम काय, तर वरती कॉर्नेट धून वाजवतात आणि युफोनियम कधी तीच धून एक सप्तक खाली धरतं, कधी धुनीच्या मधल्या मोकळ्या जागेत स्वतःची वेगळी ओळ गातं, तर कधी बेसबरोबर पाया भरतं. ऐकणाऱ्याला बहुतेक वेळा कळतही नाही की हे कोण वाजवतंय, फक्त बँड भरलेला वाटतो. प्रॅक्टिसला दोन्ही युफोनियमवाले आले नाहीत ना, की सगळे सूर बरोबर लागूनही मधे काहीतरी नाहीये असं सतत जाणवतं.

म्हणून माझं एकच सांगणं आहे. सोलोला पाहुण्यांचा आवाज नीट कानात भरून घ्या आणि मग ते विंगेत गेल्यावर बँडकडे कान लावा, तोच आवाज मधल्या फळीतून ऐकू यायला लागेल आणि त्यानंतरचा अख्खा कार्यक्रम वेगळा ऐकू येईल. सोलो म्हणजे कौतुकाचं एक आयटम आणि बाकी नाताळची गाणी, असं बघू नका, सोलो त्या बाकीच्या गाण्यांचं दार उघडून देतो.

सोलोत सहसा एक संथ चीज आणि एक तयारीची असते. तयारीच्या चीजेत धून आणि तिचे एकापाठोपाठ एक वाढत जाणारे प्रकार असतात. यातला जुना नमुना म्हणजे फ्रेंच कॉर्नेटवादक आर्बां यांचे कार्निव्हल ऑफ व्हेनिस या लोकधुनीवरचे प्रकार, मुळात कॉर्नेटसाठी पण युफोनियमवाले हौसेने वाजवतात. त्यात शेवटी शेवटी धून चालू असतानाच जिभेच्या झटपट आघातांनी आजूबाजूला झरझर सूर पडत राहतात, डोळे मिटले तर दोघं वाजवतायत असंच वाटेल. टाळ्या तिथेच जास्त पडतात. पण मला विचाराल तर खरी परीक्षा संथ चीजेत असते. तिथे लपायला जागाच नाही, दमसास किती, श्वास कुठे घेतला, सूर सुरू होताना ओठ थरथरला का, सगळं उघडं. वाद्याचं वजन चार-पाच किलो आणि ते उभं राहून धरायचं, हे पण लक्षात ठेवून ऐका.

मधली_रांग
सीटबद्दल. अगदी पुढची रांग घेऊ नका. बँड घोड्याच्या नालेसारखा बसतो, एका बाजूला कॉर्नेट, समोरच्या बाजूला ट्रॉम्बोन, आणि या दोघांची तोंडं सरळ पुढे, म्हणून जवळ बसलं की जी बाजू जवळ तीच ऐकू येते. युफोनियम आणि बेसचं तोंड वरती असतं, त्यांचा आवाज छताकडे जाऊन पसरून खाली येतो. म्हणून मध्यावर किंवा थोडं मागे, बाल्कनी असेल तर उत्तमच, तिथे सगळं एकजीव होऊन पोचतं.

चौथी_कळ
मधल्या रांगेचं तत्त्व पटतं पण पूर्ण नाही. पहिल्यांदा बघताय तर सोलोवाल्याची बोटं दिसायला हवीत असं मला मनापासून वाटतं. तीन कळा उजव्या हाताला वरती आणि चौथी बहुतेक वेळा बाजूला, डाव्या हाताने दाबायची. या चौथ्या कळीमागे मोठं डोकं आहे. कळ दाबली की नळीची लांबी वाढते आणि सूर उतरतो, पण दोन-तीन कळा एकत्र दाबल्या की वाढलेली लांबी हवी त्यापेक्षा थोडी कमी पडते आणि खालचे सूर चढे लागतात. डेव्हिड ब्लेकली नावाच्या इंग्रज माणसाने १८७४ मध्ये यावर उपाय काढला, चौथी कळ दाबली की हवा परत एकदा कळांमधून फिरते आणि छोट्या जादा नळ्यांतून जाऊन ती कमी भरून काढते. आजही चांगल्या युफोनियममध्ये हीच रचना असते. खर्जाकडे उतरणारी ओळ आली की त्या डाव्या हाताकडे बघा, आणि सूर किती शुद्ध लागतोय ते ऐका. त्यामुळे माझं मत, पाचवी-सहावी रांग, थोडं बाजूला.

ओलं_पान
आधी ऐकून जावं का, तर मी म्हणेन हो, पण कार्यक्रमातलंच नको, त्या वाद्याच्या आवाजाची ओळख होईल असं काहीतरी. जोसेफ होरोविट्झ यांचा युफोनियम कॉन्चेर्तो (एक सोलो वाद्य आणि सोबत वाद्यमेळ अशी मोठी रचना) ऐका, १९७२ चा, ब्रास बँडबरोबरचा. मधला संथ भाग ख्याल ऐकणाऱ्या कानाला लगेच भिडेल असा आहे, तेवढाच ऐकलात तरी चालेल. आणि मोठ्या ऑर्केस्ट्रात ऐकायचं असेल तर इंग्रज संगीतकार होल्स्ट यांच्या प्लॅनेट्स या ग्रहांवरच्या रचनेतला मंगळाचा भाग, त्यात टेनर ट्युबा म्हणून लिहिलेली ओळ बहुतेक ठिकाणी युफोनियमच वाजवतं. होल्स्ट स्वतः ट्रॉम्बोन वाजवायचे आणि इन द ब्लीक मिडविंटर या नाताळगीताची १९०६ ची चाल त्यांचीच, कॉन्सर्टमध्ये ती असण्याची बरीच शक्यता आहे. ती आली की धून सोडून खालच्या ओळींकडे लक्ष द्या, पितळी_पट्टी म्हणतात ते तिथे फार स्पष्ट ऐकू येतं.

नाताळ आणि ब्रास बँड यांची जोडी जुनी आहे. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेची पहिली बँड मंडळी १८७८ ची, इंग्लंडमधल्या सॉल्सबरीतला एक बाप आणि त्याचे तीन मुलगे, आणि पुढे हिवाळ्यात रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून ही गाणी वाजवणारे बँड सगळीकडे झाले. उघड्यावर लांबपर्यंत पोचणारा पण तरी माणसाच्या गळ्याच्या जवळचा आवाज दुसऱ्या कुठल्या वाद्यमेळाचा आहे, मला तरी सुचत नाही.

सांजसूर
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार! होरोविट्झचा तो मधला भाग काल रात्री दोनदा ऐकला, पहिल्या वेळी नुसता आणि दुसऱ्या वेळी वादक श्वास कुठे घेतोय ते शोधत, फार सुंदर आहे. सीट बाजूची सहावी रांग घेतली. अजून दोन शंका. टाळ्या कधी वाजवायच्या, आपल्याकडे जागा आवडली की लगेच दाद देतो तसं चालेल का? आणि क्लिपमध्ये वादक मधेच वाद्यातून पाणी काढताना दिसले, लेक विचारतेय ती थुंकी आहे का.

पितळी_पट्टी
लेकीला सांगा ते जवळजवळ सगळं वाफेचं पाणी असतं. श्वास गरम आणि दमट, नळी थंड, आत थेंब जमतात आणि साठले की सुरात गुडगुड येते म्हणून एक छोटी किल्ली दाबून काढून टाकायचं. बाहेरून थंडीतून आलेली वाद्यं सुरुवातीला उतरलेली पण असतात, हवा गार असली की सूर खाली जातो, म्हणून वाजवायच्या आधी नुसतीच हवा फुंकून नळ्या गरम करताना दिसतील सगळे.

दाद द्यायची तर चीज संपल्यावर. मधे वाजवली तर कुणी रागवणार नाही पण संथ चीजेत शेवटचा सूर विरेपर्यंत थांबा, कंडक्टरचे हात खाली आले की मग. आणि जिथे प्रेक्षकांना गायला सांगतात तिथे मोठ्याने गा, शब्द बहुतेक वेळा पत्रकात छापलेले असतात.

मधली_रांग
लेक बसेल हो, काळजी नको. लिरॉय अँडरसन यांची स्ले राइड (बर्फावरच्या घोडागाडीच्या सफरीची धून) असेल तर तिला आधीच सांगून ठेवा की चाबूक कोण वाजवतंय ते शोध (दोन फळ्या एकमेकींवर आपटतात) आणि अगदी शेवटी घोडा खिंकाळतो तो कॉर्नेटमधून. मध्यंतरात जमलं तर तिला स्टेजजवळ घेऊन जा, बेस ट्युबा जवळून बघितला की मुलं हरखतात.

सांजसूर
आणि उद्या म्हणाली मला पण हे शिकायचंय तर? क्लिप बघून डोळे चमकलेत तिचे.

चौथी_कळ
तर आनंदच! फक्त पुढचे पक्के दात आलेत का बघा, माउथपीस (वाद्याचा ओठांना लावायचा भाग) ओठांमधून त्यांच्यावरच टेकतो. तोवर गाणं आणि लय चालू ठेवा. सुरुवात कॉर्नेट किंवा टेनर हॉर्नवर करा, युफोनियम त्या वयात मांडीवर पेलत नाही. तिथे शिकलेलं वाया जात नाही, कारण ब्रास बँडमध्ये बेस ट्रॉम्बोन सोडला तर कॉर्नेटपासून ट्युबापर्यंत सगळ्यांचं नोटेशन एकाच पद्धतीने लिहितात, कागदावर जो सूर दिसतो त्याची बोटं सगळ्या कळवाल्या वाद्यांवर तीच. हात मोठे झाले की ती सरळ युफोनियम उचलू शकते, नव्याने शिकायला लागतो तो फक्त फुंकर आणि ओठांचा अंदाज.