बायकांनाच हवंय म्हणे, मग आपण कोण बोलणार?

खाडीकाठ (ठाणे)

६ फेब्रुवारी हा मुलींच्या खतन्याविरोधातला जागतिक दिवस. त्यानिमित्त आमच्या वाचनमंडळात विषय निघाला आणि एका काकूंनी एका वाक्यात मिटवूनही टाकला. "अहो, त्यांच्या बायकांनाच हवंय ते. आपण कोण?" सगळ्यांनी माना डोलावल्या, तेवढ्यात चहा आला. मला ते वाक्य काही पचलं नाही, म्हणून इथे टाकतेय.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: दाऊदी बोहरा या मुस्लिम समाजात मुलगी सातेक वर्षांची झाली की क्लिटोरिसवरची त्वचा कापायची प्रथा आहे. मुलीला घेऊन जाते आई नाहीतर आजी. पुरुषांना कित्येकदा तारीखही माहीत नसते.

आमच्या शेजारच्या भाभी बोहरा आहेत. नवऱ्याचं जांभळी नाक्याला हार्डवेअरचं दुकान. दुपारी त्या पांढऱ्या-सोनेरी टोप्या विणत बसतात. एकदा घाबरत घाबरत मी विचारलं. त्यांनी मान वर केली नाही, टाके मोजत राहिल्या. "मला विचाराल तर नको." मग तो फेरा पुरा करून, दोरा बोटाला गुंडाळत, "पण चार बायकांत विचारलंत तर मी हो म्हणणार हं."

आता सर्व्हे करणारीने यातलं कुठलं उत्तर टिपून घ्यायचं?

कोपरीकर

म्हणजे 'नको' म्हटलं की मनातलं आणि 'हो' म्हटलं की दबावाखालचं, असं तुम्हीच ठरवून टाकलंत. सोयीचं आहे.

सुप्रीम कोर्टात बंदीची याचिका आली तेव्हा खतन्याच्या बाजूने बोहरा बायकांचीच संघटना उभी राहिली. शिकलेल्या, कमावत्या बायका आहेत त्यात. त्यांचं म्हणणं, आमच्याकडे फक्त 'खफ्ज' होतं, जरासा छेद, आफ्रिकेतल्या प्रकारांशी त्याचा संबंध जोडू नका. पटो न पटो, पण 'बाई, तुला तुझं कळत नाही' हे आपण ठाण्यात बसून सांगायचं? आणि मुलग्यांच्या सुंतेवर कुणी धागा काढत नाही, ते का?

सीवूड्स_ओपीडी

नर्स आहे, तेवढंच बोलते. जागतिक आरोग्य संघटनेने याचे चार प्रकार केलेत. नुसती वरची त्वचा काढणं पहिल्या प्रकारात येतं आणि टोचणं किंवा छेद देणं चौथ्यात. म्हणजे 'जरासा' म्हटल्याने यादीतून सुटका नाही. आरोग्याला फायदा शून्य.

सात वर्षांच्या मुलीचा तो भाग केवढासा असतो, कल्पना करा. वर मूल धडपडतंय, दोघींनी पाय धरलेत, हातात पातं आहे. 'जरासंच' हे कापणारीच्या मनात असतं, हातात नाही. दवाखान्यात केलं तर चालेल म्हणणाऱ्यांनी इजिप्त पाहावं. तिथे डॉक्टरच करू लागले. २००७ मध्ये खासगी दवाखान्यात १२ वर्षांची मुलगी गेली, मग २००८ मध्ये कायदा आला.

सुंतेवर वेगळा धागा काढा, मी येईन तिथे.

तर्री_मारके

यांच्यावर कायदा करायला कुणी धजत नाही हो. आपल्या सणांवर बरोबर बोट ठेवतात!

खाडीकाठ (ठाणे)

@तर्री_मारके, ही चूल दुसरीकडे पेटवा.

'आपल्या'कडचं काढायचं तर काढूच. विधवांचं केशवपन कुणी चालू ठेवलं? घरातल्या आधीच सोवळ्या झालेल्या म्हाताऱ्यांनीसुद्धा! त्यांना विचारलं असतं तर त्याही 'हवंय'च म्हणाल्या असत्या. नारायण मेघाजी लोखंडे आपल्या ठाण्यात जन्मले. त्यांनी १८९० मध्ये मुंबईत न्हाव्यांची सभा घेतली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं ठरवलं. बायकांचं मत बदलेपर्यंत थांबले नाहीत, वस्तराच काढून घेतला. आणि फार जुनं कशाला, २०१८ मध्ये कंजारभाट समाजातली तरुण मंडळी कौमार्य चाचणीविरुद्ध उभी राहिली तेव्हा पुण्यात चाचणीच्या बाजूने मोर्चा काढणाऱ्या बायकाच होत्या.

कोपरीकर

केशवपनाचा दाखला चांगला आहे, मानलं. पण मग आकड्यांचं काय करायचं? 'सहियो' या संस्थेच्या पाहणीत ८१ टक्के बायका प्रथा बंद व्हावी म्हणतात, हे सगळे जण तोंडावर फेकतात. ती पाहणी ३८५ जणींची आणि ऑनलाइन. नेटवर येऊन अशी प्रश्नावली भरणारी बाई आणि भाभींच्या सासूबाई एकाच पारड्यात?

खाडीकाठ (ठाणे)

बरोबर आहे, तो आकडा सगळ्या समाजाचा नव्हेच. त्यातल्या ८० टक्के जणींचा स्वतःचा खतना झाला होता, एवढं मात्र विसरू नका. सरकारने तर २०१७ मध्ये कोर्टात आपल्याकडे अधिकृत आकडेवारीच नाही म्हणून हात वर केले.

जिथे घरोघरी जाऊन मोजणी होते तिथलं बघा. मालीमध्ये सुमारे तीन चतुर्थांश बायका 'चालू ठेवा' म्हणतात. शेजारीच बुर्किना फासो. तिथे २०१० मध्ये चारातल्या तिघींचा खतना झालेला होता, पण 'चालू ठेवा' म्हणणाऱ्या दहात एकही भरत नव्हती. म्हणजे स्वतःचं झालं म्हणून लेकीचं हवंच, असं गणित नाही. १९९६ पासून तिथे कायदा आहे आणि गावोगाव लोक चारचौघांत बोललेत. एकीचं 'नको' दुसरीला ऐकू गेलं.

पनवेलची_रिदा

चार दिवस वाचतेय. मी बोहरा आहे, शाळा मराठी. माझं झालंय, त्यावर लिहिणार नाही.

माझी मुलगी सात वर्षांची झाली तेव्हा सासूबाईंनी तीनदा आठवण केली. मी मे महिन्यात माहेरी गेले आणि परत येऊन सांगितलं, "थई गयुं." झालं. त्यांनी मुलीला ड्रेसचं कापड आणलं. मी दोन वर्षं त्या कापडाकडे बघू शकत नव्हते.

पुढे जाऊबाईंच्या मुलीची वेळ आली. त्यांनीही माहेरी जाऊन आल्यावर तेच सांगितलं. कितीतरी दिवसांनी, लग्नघरी भांडी विसळताना, त्या हळूच म्हणाल्या, "तुमचीवालीचं खरंच केलंत का हो?" मी हातातलं ताट तसंच धरून उभी राहिले. एका घरात दोन सुना, दोघी खोटं बोललेल्या, दोघींना वाटत होतं दुसरी खरी. कोपरीकर, आमच्या घरी कुणी वही घेऊन आलं असतं तर 'झालं' दोन आणि 'चालू राहावं' तीन मतं पडली असती.

भीती नरकाची नाही. जमातीतून बाहेर काढलं तर लग्न कुठे, कब्रस्तानात जागा कुठे, दुकानाचं गिऱ्हाईक कुठे, ही भीती आहे. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, १९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो रद्द केला. घरातल्या म्हाताऱ्यांना हे तोंडपाठ आहे.

कोपरीकर

ताई, तुमच्यापुढे वाद घालायचा नाही. तरी एक विचारतो. उद्या कायदा आला तर तुमच्या सासूबाईंवर गुन्हा दाखल झालेला चालेल? मला वाटतं कायद्याने हे आणखी गुपचूप होईल.

पनवेलची_रिदा

याहून गुपचूप काय होणार? सासूबाईंना अटक नको, खरंच नको. माझ्या आजारपणात त्यांनी माझं सगळं केलंय. पण कायदा असता तर मला खोटं बोलावं लागलं नसतं. "पोलिसांचं लफडं होईल" म्हटलं असतं आणि त्याही, मला वाटतं, सुटल्यासारख्या झाल्या असत्या. त्यांना तरी कुणी विचारलंय?

सीवूड्स_ओपीडी

कायदा कधी येतो बघू. २०१७ ची याचिका, २०१८ मध्ये घटनापीठाकडे, २०१९ मध्ये शबरीमला मंदिरप्रवेशाच्या खटल्याच्या गाठोड्यात बांधून आणखी मोठ्या पीठाकडे, २०२० पासून नऊ न्यायाधीशांपुढे. २०१७ मध्ये ज्या मुली सात वर्षांच्या होत्या त्यांची दहावीसुद्धा होऊन गेली असेल.

खाडीकाठ (ठाणे)

@पनवेलची_रिदा, काळजीपोटी विचारते. तुमच्या घरचं कुणी हे वाचेल का? हवं तर संपादकांना सांगून प्रतिसाद काढून टाकू.

पनवेलची_रिदा

राहू दे. सासूबाईंना मराठी वाचता येत नाही. जाऊबाईंना येतं, त्यांनाच दाखवून टाकलंय.